अकिनीच्या उमेदवारीची चार घरं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर तर असं की वाण्याला यादी दिली तर तो मलाच वाचायला लावतो. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

खरं तर हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. परत आल्यापासून बायका विचारतात, "हिरा, ती आफ्रिकेची पोरगी घिऊन कुठं कुठं गेलीस? काय काय झालं?" चार माणसांत मला बोलता येत नाही. घसा कोरडा पडतो आणि मी "बरं झालं" एवढंच म्हणते. घरी आल्यावर मात्र सगळं आठवत राहतं. म्हणून लिहून ठेवते. जाऊबाईंनी मागितलं तर त्यांना देईन, कारण जायचं त्यांचं होतं, गेले मी.

पासली

आमचं पासली वेल्ह्याच्या पुढं, डोंगरात. भात सोडून फारसं काही पिकत नाही. पुण्यात एक संस्था आहे, ती परदेशातल्या कॉलेजांची मुलं इकडं शिकायला आणते. त्यातला एक आठवडा मुलांनी खेड्यात कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांच्यातलंच खायचं आणि त्यांच्याबरोबर भात कापायला जायचं. ती घरं बघून ठेवायचं काम संस्थेनं अकिनीला दिलं होतं.

अकिनी केनियाची. वय पंचविशीच्या आसपास. उंच, सडपातळ, डोक्यावर बारीक बारीक वेण्या. शिकते मात्र तिसऱ्याच देशात. तिचा शिकायचा विषय म्हणजे एका देशातली मुलं दुसऱ्या देशात शिकायला निघाली तर त्यांची सोय कशी लावायची. त्या शिक्षणात काही महिने कुठंतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्याला इंटर्नशिप म्हणतात. काम नीट झालं की संस्थेच्या मॅडम तसा कागद देणार. कागद कॉलेजात पोचला तर पदवी, नाही तर वर्ष वाया. हे तिनं आल्या आल्या आमच्या ओटीवर बसून सांगितलं, आणि मराठीत सांगितलं. पुण्यात वर्ग लावून शिकलेली मराठी, त्यामुळं पुस्तकातली. शेळीलासुद्धा "आपण बाजूला व्हा" म्हणाली.

जाऊबाई प्लॅस्टर घातलेला पाय पुढं पसरून बसल्या होत्या. दसऱ्याच्या आधी बांधावरून घसरल्या. त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष, बोलायला खंबीर. अकिनीबरोबर फिरायला संस्थेनं त्यांनाच सांगितलं होतं, पण पाय मोडल्यावर त्यांनी मला पुढं केलं.

"म्हंजी शिकाया कसं जायाचं, त्ये तू शिकतीस?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"आन हितं पगार किती?"

"पगार नाही. मी कॉलेजला फी भरते."

"काम बी करायचं आन पैसं बी आपनच भरायचं?" जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. "हिरे, ही तर नव्या सुनंपरास वाईट गत."

मग वेण्यांची चौकशी झाली. घालायला सबंध दिवस लागतो म्हटल्यावर शेजारची काशी म्हणाली, "आन मग सैपाक कवा करतीस?" अकिनी म्हणाली, "त्या दिवशी भाऊ करतो." यावर बायका इतक्या हसल्या की आमचे मालक ओटीवरून उठून गोठ्यात गेले.

जाऊबाईंचं घर आणि आमचं घर एका भिंतीला, चूल वेगळी. पहिलं घर म्हणून अकिनीनं त्यांचंच बघितलं. पोरं झोपणार कुठं, पाणी कुठलं, संडास कुठं, दवाखाना किती लांब. सगळीकडचे फोटो काढले. शेवटी तिनं पिशवीतून एक पाकीट काढून जाऊबाईंपुढं धरलं. आत पाचशेची नोट. घरच्यांनी वेळ दिला म्हणून आभाराचं काहीतरी द्यायचं, असा संस्थेचा नियम.

जाऊबाईंचं तोंड उतरलं. आल्या माणसाला चहा पाजला म्हणून पैसे घ्यायचे? "मागं ठेव त्ये," म्हणाल्या. अकिनी पाकीट धरूनच उभी. परत नेलं तर मॅडमना काय सांगणार? बराच वेळ दोघी तशाच. मग वाट जाऊबाईंनीच काढली.

"आसं कर. ह्यो विसार समजू. पोरं यायाची ठरली, त्येचा विसार. विसाराला कोन न्हाई म्हनंल?"

अकिनीला शब्द कळला नाही, पण पाकीट घेतलं जातंय हे बघून ती "हो, हो" म्हणाली. जाऊबाईंनी नोटेला हळद-कुंकू लावून देवापुढं ठेवली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैल घ्यायचा असो, जमीन असो, लग्नाचा बँड असो, आमच्याकडं विसार दिला की सौदा ठरला. देणारा मागं फिरला तर त्याचा विसार बुडतो, घेणारा फिरला तर त्यानं दुप्पट द्यायचा. मला वाटलं, ठरलं असेल म्हणूनच देतेय. अकिनीला वाटलं, विसार म्हणजे आभार. त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी पुढच्या घरी, शिवऱ्याला आणि भाटघरला, फोन लावून सांगितलं, "विसार घिऊन येत्यात बरं का."

रात्री जेवायला नाचणीची भाकरी आणि घेवड्याची उसळ होती. भाकरी बघून अकिनी म्हणाली, हे धान्य आमच्याकडंही होतं, आजी त्याची पेज करते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आंबील केली. ती दोन वाट्या प्यायली. ताक नको म्हणाली, साखर मागितली. आंबिलीत साखर घातलेली मी पहिल्यांदा बघितली.

निघताना मी जाऊबाईंना परत म्हटलं, "आक्का, मला बोलता येत न्हाई."

"बोलाया ती हाय की. तू निस्ती शेजारी बस. आपली बाई दिसली की बायका दार उघडत्यात."

शिवरे

पासलीहून निघालं की मला गाडी लागते. वेल्ह्याच्या अलीकडं दोनदा लागली. अकिनीनं माझं डोकं धरलं, पदर धरला, खिडकीतून बाहेर वाकून कंडक्टरला "कृपया थांबवा" म्हणाली. कंडक्टर म्हणाला, "हिची न्हेमीची जागा हाय ती, म्हाईत हाय मला." डोंगर उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. मी काही बघितलं नाही, तिनंच नंतर फोटो दाखवले.

शिवऱ्याला आमच्या गावची लेक दिली आहे, छाया. नवरा वारल्यावर हायवेच्या कडेला चहा, मिसळ, भज्याची टपरी तिनं एकटीनं उभी केली. मागं दोन खोल्यांचं घर आणि जोडून एक खोली, ती एका पंक्चरवाल्याला भाड्यानं दिलेली.

अकिनीला बघून बाकड्यावरचा एक ट्रकवाला म्हणाला, "छायाताई, ही पुण्याच्या शर्यतीत पळायला आलीय का? ही लोकं लई पळत्यात."

"आधी तू पळ," छाया म्हणाली, "पर उदारी ठिवून पळू नको."

आम्ही मिसळ खाल्ली. अकिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं रस्सा परत मागितला. मग तिनं खोली बघितली आणि दारात मोबाईल वर धरून उभी राहिली. हायवेचा आवाज किती येतो ते तिला भरून घ्यायचं होतं. छाया भजी तळता तळता ओरडली, "रातच्याला ट्रकवाल्यांची गानी बी हायत, ती बी भर!"

खोली रिकामी दिसली. पंक्चरवाल्याचं सामान नव्हतं. छाया म्हणाली, "आक्कांचा फोन आला, विसार येतोय म्हून. म्या त्येला तवाच खोली सोडाय लावली. वर्साला दोन खेपा पोरांच्या आल्या तर त्येच्या भाड्यापरास बरं." आणि अकिनीच्या हातातलं पाकीट घेऊन, कपाळाला लावून तिनं पोलक्यात ठेवलं. अकिनी माझ्याकडं बघून हसली. पहिल्या घरी एवढा वेळ लागला, इथं किती चटकन घेतलं!

भोर

भोरचं घर संस्थेच्या ओळखीचं होतं. आप्पा कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. काकू शिवण शिकवतात. नीरा नदीच्या बाजूला तीन खोल्यांचं घर, सगळं जिथल्या तिथं. मी खाली बसले तर काकू म्हणाल्या, "अहो हिराबाई, वर बसा ना." मग कोचाच्या कडेवर बसले. अर्धी बसले, अर्धी नाही, त्यानं पाठ भरून आली.

आप्पांनी अकिनीला शिक्षणाचं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ही उमेदवारी झाली. माझ्या वडिलांनी कचेरीत बिनपगारी उमेदवारी केलेली आहे. साहेबाचा चहासुद्धा आणायचे. तुमच्यात आणावा लागतो का?"

"आणते," अकिनी म्हणाली. "साखर कमी."

आप्पांना ती तिथंच आवडली.

पाकीट बघून मात्र ते म्हणाले, "हे कशाबद्दल?" मला वाटलं आपण सांगावं, म्हणून मी बोलले. दोन दिवसांतलं परक्या माणसापुढचं माझं ते पहिलंच वाक्य असेल. "विसार हाय."

"विसार? मग पावती हवी. किती दिवस, किती मुलं, रात्री घरी किती वाजता यायचं, सगळं लिहून. दोन प्रती." आणि त्यांनी खरंच कागद काढला. अकिनीला असं लिहून घेणारं माणूस भेटलं म्हणून ती खूश. दोघं जेवणाची वेळ होईपर्यंत लिहीत बसले.

आमच्याकडं जेवताना वाढणारी बाई असते. नको म्हटलं तरी ती वाढते, हे धरूनच आपण नको म्हणतो. इथं सगळं टेबलावर मांडलेलं. काकू म्हणाल्या, "लाजू नका, हवं ते घ्या." मी सवयीनं नको म्हटलं, तर त्यांनी खरंच भांडं बाजूला सरकवलं. मेतकूट-भात मला फार आवडला होता. एवढासा घेतला आणि हात धुतला. रात्री झोपताना अकिनीनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून मधे ठेवला. तीही अर्धपोटीच होती. तिच्या घरीसुद्धा पाहुण्यानं आपल्या हातानं घ्यायची पद्धत नाही. अंधारात दोघींनी सगळा पुडा संपवला.

भाटघर

भोरहून भाटघर जवळ. दुधाचा टेम्पो मिळाला, त्यात रिकाम्या कॅनवर बसून गेलो. धरण पूर्ण भरलं होतं. जुनी काळी दगडी भिंत आणि पलीकडं डोंगरापर्यंत पाणीच पाणी. अकिनी उतरली आणि कितीतरी वेळ हललीच नाही. तिचं गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे, आई मासे विकते. "आमचं तळं मोठं आहे," ती म्हणाली, "पण वास हाच."

काठानं चालताना तिच्या बुटाचा तळवा निघाला. सुतळीनं बांधला, तो फटक फटक वाजत राहिला. माझी मावसबहीण कमल दारातच उभी होती. म्हणाली, "घोडं आलं वाटतं म्हून बाहीर आले."

कमलचे सासरे आबा. ऐंशीच्या घरातले, पण सकाळी स्वतः जाळं टाकून येतात. त्या दिवशी चिलापी मासळी मिळाली होती. कमल अंगणात साफ करत बसली होती. अकिनीनं मासा उचलला, उलटा केला, कल्ले बघितले आणि म्हणाली, "हा आमचा मासा आहे."

"तुमचा कसा? आमच्या धरनात गावलाय."

"आमच्या तळ्यातला. आई हाच विकते." तिनं मोबाईलवर आईचा फोटो दाखवला. टोपलीत तसलेच मासे, हारीनं लावलेले.

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "आरं तिच्या मारी! म्हंजी तुझ्या म्हायेरचा पाव्हना तुझ्या आधी येऊन ऱ्हायलाय हितं. सुनबाई, हिला डोकं वाढ."

कमलनं तिला डोकं वाढलं. अकिनीनं डोळेसुद्धा खाल्ले, काटे असे चोखून ठेवले की मांजराला काही राहिलं नाही. आबांनी विसार घेतला, "पोरं येऊ द्यात" म्हणाले. चार घरं झाली. मला वाटलं, काम झालं, उद्या घरी.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. अकिनी बाहेर जाऊन बोलली. परत आली तेव्हा खूशच होती. मॅडमनी सगळे फोटो बघितले होते. या खेपेला मुलं कमी, दोनच घरं पुरतील. भोर आणि भाटघर ठरलं. शिवरे नको, हायवे आणि ट्रकवाले, मुलींना ठीक नाही. पासली नको, दवाखाना फार लांब. बाकीच्या दोघांना आभाराचा निरोप पाठवायचा, आणि उद्या दुपारी पुण्यात हजर व्हायचं. तिच्या कॉलेजचे लोक पडद्यावरून बघणार होते, त्यांच्यापुढं तिनं केलेलं काम सांगायचं होतं. कागद त्यावरच होता.

ती निरोप लिहायला लागली. आबांनी विचारलं, "काय लिवतीस?" तिनं सांगितलं.

आबांनी विडी विझवली. "त्येस्नी इसार दिला व्हता ना?"

"हो. आभार म्हणून."

"आभार? इसार म्हंजी काय म्हाईत हाय का तुला?"

मग आबांनी तिला बैलाच्या उदाहरणानं सगळं समजावून सांगितलं. सावकाश, दोनदा. ती ऐकत गेली आणि तिच्या हातातला मोबाईल खाली आला. मला तेव्हा छायाची रिकामी खोली आठवली. छाया काय म्हणाली ते अकिनीला तेव्हा कळलंच नव्हतं, ते मी सांगितलं. अकिनीनं डोळे मिटले.

"मग आता निरोपात नीट लिहिते," ती म्हणाली.

"फोनवर मोडायचा न्हाई इसार," आबा म्हणाले. "ज्येच्या दारात दिला, त्येच्या दारात जाऊन मोडायचा. त्यो काय म्हनंल त्ये ऐकून घ्यायचं."

मग अकिनी म्हणाली, तिच्या आत्याचं लग्न ठरून मोडलं तेव्हा आजोबा आलेल्या गाई परत द्यायला दोन दिवस चालत गेले होते. माणूस पाठवता आला असता, पण स्वतः गेले. आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "हिराताई, आपण सांगा. फोन चालेल?"

चालेल म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी वेळेवर पुण्यात पोचली असती. छायाचं दार तरी वाटेवर होतं. पासली उलट्या अंगाला, जाऊन यायला सबंध दिवस. आबा आणि कमल माझ्याकडं बघत होते.

"न्हाई चालायचं," मी म्हटलं.

तिनं मॅडमना फोन लावला. एक दिवस उशीर होईल, म्हणाली. बोलणं इंग्रजीत होतं, पण मॅडमचा आवाज आम्हाला लांबून ऐकू येत होता. अकिनी नुसती "येस, येस" म्हणत होती. फोन ठेवून आमच्यात येऊन बसली.

"मॅडम म्हणाल्या, कॉलेजचे लोक दुसऱ्या दिवशी मोकळे नाहीत. कागदाचं मग बघू."

परत शिवरे

छायाकडं पोचलो तेव्हा टपरीवर गर्दी होती. अकिनीनं गर्दी कमी होईपर्यंत थांबायचं म्हटलं, पण छायानं आम्हाला बघितलं होतं. "काय गं, मागारी कशा आल्या? काय इसरलं व्हय?"

अकिनीनं सगळं सांगितलं. पुस्तकातल्या मराठीत "क्षमा करा" आणि "निर्णय" असं सगळं. बाकड्यावरची माणसं चहा प्यायची थांबली. छायानं झारा खाली ठेवला.

"विसार बुडला तुमचा. ठीक हाय. पर माजी खोली? पंक्चरवाला तिकडं दुसऱ्याच्या खोलीत ऱ्हायला गेला, त्येनं तिथं डिपाझिट भरलं. आता नवा मानूस गावंस्तवर म्या काय करू?"

"मी भाडं देईन," अकिनी म्हणाली. "एक महिन्याचं."

"तू? तू उद्या इमानात बसशील. तुला कुठं हुडकू मी?" आणि ती माझ्याकडं वळली. "हिरा, तू का गप? म्हायेरची बाई म्हून तुज्या तोंडाकडं बघून घेतला विसार. म्या हिला वळखत न्हाई, तुला वळखते."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. पण या वेळी "बरं झालं" म्हणता येणार नव्हतं.

"छाया," मी म्हटलं, "चूक हिची न्हाई. हिला विसार म्हंजी काय त्ये म्हाईत नव्हतं आन आपल्याला हिचं आभाराचं पाकीट म्हाईत नव्हतं. आपन समदीच आपापलं धरून चाललो. ही फोनवर सांगून मोकळी झाली आसती. हिचं वरीस पनाला लागलंय, तरी दारात आली. भाडं तुला मिळंल. आता."

एवढं सलग मी माझ्या लग्नातसुद्धा बोलले नसेन. ट्रकवाला म्हणाला, "बरोबर हाय बाईचं." छाया त्याच्यावर ओरडली, "तुला कोन इचारलं?"

"आता" म्हटलं खरं, पण पैसे? अकिनीजवळ पुण्याला जाण्यापुरते होते. तिचं कार्ड इथल्या मशीनमध्ये चालेना. माझ्याजवळ तुपाचे पैसे होते. वर्षभर तूप विकून साठवलेले, भोरला जोडवी करायला नेले होते, सोनाराकडं जायला वेळच मिळाला नव्हता. मी कमरेची पिशवी सोडली आणि टपरीच्या मागं जाऊन मोजून छायाच्या हातात दिले. एक महिन्याचं भाडं. अकिनी नको नको म्हणत होती. तिचं ते "नको" खरं होतं, वाढणाऱ्या बाईपुढचं नव्हतं.

छायानं पैसे घेतले. मग पोलक्यातून विसाराची नोट काढली, थोडा विचार केला आणि परत आत ठेवली. "ह्यो माजा," म्हणाली. बरोबरच होतं. मग आम्हाला भजी खायला घातली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

एस.टी.त अकिनी म्हणाली, "पहिला पगार झाला की मी सगळे परत देईन."

मी मनात म्हटलं, जिचा कागदच अडकला तिला पगार कोण देणार? पण मान हलवली. मग वेल्ह्याच्या पुढं मला गाडी लागली.

परत पासली

मला सगळ्यात भीती जाऊबाईंची होती. त्यांनी खोलीला चुना मारून घेतला होता. भिंत अजून ओली होती.

ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "माज्याच घरची बाई संगं, आन माजंच घर गाळलं? व्हय गं हिरे, तू काय ध्यान देऊन ऱ्हायलीस? डोंगराकडं बघत बसलीस व्हय?"

"मला गाडी लागली व्हती," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, पण त्यांनी दाखवलं नाही. अकिनीला विचारलं, "का गाळलं?"

"दवाखाना फार लांब आहे, काकू. कुणी पडलं, हाड मोडलं तर..." आणि बोलता बोलता तिनं जाऊबाईंच्या प्लॅस्टरकडं बघितलं.

जाऊबाईंनीही आपल्या पायाकडं बघितलं. पाय मोडला त्या दिवशी टेम्पो मिळेपर्यंत दुपार झाली होती, आणि नसरापूरच्या दवाखान्यापर्यंत त्या ओरडत गेल्या होत्या.

"मॅडम तुजी शानी हाय," त्या शेवटी म्हणाल्या. उठता येत नव्हतं म्हणून मला देवापुढची नोट आणायला लावली आणि हळद-कुंकवासकट अकिनीच्या हातात दिली. "घरात जेवल्याल्या मानसाचा विसार बुडवायचा नसतो. घे."

अकिनीनं ती तिथंच माझ्या हातात दिली. "हिराताई, आता एवढे कमी झाले."

रात्री ती आमच्याकडंच जेवली. मी वाढत गेले, ती नको म्हणत गेली, मी वाढतच गेले. सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. पायात माझ्या चपला होत्या.

नंतर

भात कापणीला मुलं आली. भोरला आप्पांनी त्यांना दोन प्रतींतले नियम वाचून दाखवले. भाटघरला आबांनी जाळं टाकायला शिकवलं, त्यातलं एक पोरगं पाण्यात पडलं, असं कमलनं सांगितलं. मुलांबरोबर दुसरीच मुलगी होती. अकिनी दिवाळीनंतर गेली. जाताना तिचा फोन आला होता. कागद मिळाला का विचारलं, तर म्हणाली, अजून नाही.

आमचे मालक म्हणाले, "गेलं त्ये तूप." जाऊबाई म्हणाल्या, "गेलं तर गेलं, पर पोरीचं वरीस जाया नगं." त्यांचं प्लॅस्टर निघालं. छायाला नवा भाडेकरू मिळाला, तोही पंक्चरवालाच. पैशापेक्षा मला दुसरंच डाचत होतं. "न्हाई चालायचं" हे मी म्हटलं होतं, आणि त्याची किंमत तिनं भरली असेल तर कळायची काही सोय नव्हती. तिचा नंबर बदलला होता.

होळी झाल्यावर एका दुपारी जाऊबाई मोबाईल घेऊन पळत आल्या. पळत म्हणजे त्यांच्या परीनं. "धर, तुजी पोरगी."

अकिनी होती. मागं कुठंतरी कोंबडा ओरडत होता. मी पहिलं विचारलं, "कागद?"

"मिळाला. उशिरा. मॅडमनी मला अजून दोन महिन्यांचं काम दिलं, घरी बसून. ते केलं, मग दिला." आणि मग म्हणाली, "हिराताई, मला नोकरी लागली. एका कॉलेजमध्ये. मुलांना बाहेर पाठवायचं काम. काल पगार झाला."

मी मोबाईल या कानावरून त्या कानाला नेला. जाऊबाई शेजारून म्हणाल्या, "बोल की! किती झाला इचार!" मी ते विचारलं नाही.

पैसे तिनं पुण्यातल्या मैत्रिणीकडून माझ्या खात्यावर भरले होते. मी दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला जाऊन काढून आणले. जाताना गाडी लागली, येताना नाही लागली. विसाराचे वजा करून जेवढे राहिले होते तेवढेच होते, एक रुपया जास्त नाही की कमी नाही. जास्त पाठवले असते तर मला वाईट वाटलं असतं, हे तिला कळलं असणार. घरी आल्यावर मालकांपुढं मोजले आणि म्हटलं, "फिटले."